चौदा म्युझियमं, पाच दिवस: लंडनच्या यादीतून काय ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकचं एक कुटुंब लंडनला निघालं आहे. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सोमवारच्या सुट्टीनंतर मंगळवारी पोचणार, रविवारी संध्याकाळी परतीचं विमान. सासूबाई शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवायच्या, आता गुडघे त्रास देतात. यजमान बँकेत आहेत. यादीत १४ नावं जमली आहेत: ब्रिटिश म्युझियम, व्हीअँडए (कलाकुसरीचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, टॉवर ऑफ लंडन, मादाम तुसाँ, इम्पीरियल वॉर म्युझियम, चर्चिल वॉर रूम्स, शेरलॉक होम्सचं घर, ट्रान्सपोर्ट म्युझियम, ग्रिनिचचं मेरीटाइम म्युझियम आणि डॉ. आंबेडकरांचं घर. आणि शेवटी लिहिलं आहे, "बहुतेक सगळी मोफत आहेत, त्यामुळे कुठलं सोडावं तेच कळत नाही."

मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण घोळ तिथेच आहे. तिकीट काढून आत गेलेला माणूस पैसे वसूल झाल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे समजू शकतं. पण इथे तिकीटच नाही, तरी आपण तसंच वागतो. फुकट आहे ना, मग सगळं बघून घेऊ. मराठी पाहुण्यांना लंडनमधली म्युझियमं दाखवणं हेच माझं काम आहे, आणि माझा हिशेब बरोबर उलटा आहे: फुकट आहे म्हणूनच अर्ध्यातून उठता येतं. पाऊण तास बघा, बाहेर या, चहा घ्या, वाटलं तर दोन दिवसांनी परत जा. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी पूर्वीपासूनच मोफत होत्या. व्हीअँडए, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमची तिकिटं २००१ च्या अखेरीस रद्द झाली. तेव्हापासून लंडनकर जेवणाच्या सुट्टीत एक चित्र बघून ऑफिसला परत जातात. पर्यटक मात्र सकाळी दहाला शिरतो आणि चार वाजता तळपाय चोळत पायऱ्यांवर बसलेला दिसतो. (दारात देणगीची पेटी असते आणि तिथला माणूस हसून विचारतो. द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, नाही दिलं तर कोणी अडवत नाही. खास प्रदर्शनांना मात्र वेगळं तिकीट असतं.)

खर्च होतात ते पाय आणि डोळे. साडीच्या दुकानात पंधरावी साडी उलगडेपर्यंत पहिलीचा रंग आठवत नाही, तशी गत तिसऱ्या दालनात होते. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यातल्या जेमतेम एक टक्का मांडलेल्या आहेत. तो एक टक्काही पाच दिवसांत होत नाही. त्यामुळे "कुठलं म्युझियम" हा प्रश्नच मी आधी बाजूला ठेवते आणि "कुठली दालनं" असं विचारते. एका म्युझियममध्ये तीन, फार तर चार दालनं. ती निवडताना घरातल्या प्रत्येकासाठी एक तरी वस्तू त्याची स्वतःची असली पाहिजे. तुमच्याकडे भरतकाम आहे, बँक आहे आणि अकरा वर्षांचं वय आहे. गाइडला यापेक्षा जास्त काय हवं?

आधी काढायची नावं झटपट उरकू. मादाम तुसाँ म्युझियम नाही, आणि मेणाचे पुतळे लोणावळ्यातही आहेत. मुलीने हट्टच धरला तर जा, पण तो खर्च मौजेच्या खात्यात टाका. शेरलॉक होम्सचं घर छोटं, तिकीट मोठं, जिने अरुंद. इम्पीरियल वॉर म्युझियम आणि चर्चिल वॉर रूम्स चांगली आहेत, पण ज्याला दुसऱ्या महायुद्धात रस आहे त्याच्यासाठी, आणि तुमच्या पत्रात तसं कोणी दिसत नाही. टॉवर ऑफ लंडन हा किल्ला आहे, माणशी तिकीट ३० पौंडांच्या पुढे आणि निम्मा दिवस जातो. कोहिनूर बघायचाच असेल तर तो दिवस वेगळा धरा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. टेट मॉडर्न ही जुन्या वीजकेंद्राची इमारत आहे. नदीकाठी फिरताना समोर आली तर आतलं टर्बाइनचं प्रचंड दालन बघून या, बाकी सोडा. ट्रान्सपोर्ट म्युझियम मुलांना आवडतं, पण तिकीट आहे आणि तुमच्या वेळापत्रकात त्याहून बरं काही बसतंय.

आता नॅचरल हिस्टरीचं दुखणं. तुम्ही ज्या आठवड्यात येताय त्यात इथल्या शाळांना हाफ टर्मची सुट्टी असते. मेचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे आणि पुढचा अख्खा आठवडा मुलं घरी. लंडनमधलं प्रत्येक मूल त्या आठवड्यात डायनॉसोर बघायला निघतं, असं वाटावं इतकी रांग लागते. सायन्स म्युझियमचीही तीच कथा. मुलीचा विरस न करता वाट काढता येते. नॅचरल हिस्टरीच्या बागेत जुलै २०२४ पासून 'फर्न' नावाचा डिप्लोडोकस उभा आहे, पूर्ण आकाराचा, ब्राँझचा. आणि खरी गंमत इमारतीच्या भिंतींवर आहे. आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुरचनाकाराने १८८१ मध्ये उघडलेल्या या इमारतीवर भाजलेल्या मातीचे शेकडो प्राणी बसवले आहेत. पूर्वेकडच्या भागावर नामशेष झालेले, पश्चिमेकडच्या भागावर आज जगात असलेले. मुलीला तेवढंच सांगा आणि कुठला प्राणी कुठल्या बाजूला आहे ते शोधायला लावा. निळ्या देवमाशाचा सांगाडा आत आहे, तो पुढच्या खेपेला.

ब्रिटिश म्युझियम बुधवारी सकाळी ठेवा. भारत त्या दिवसांत साडेचार तास पुढे असतो, म्हणजे तुम्ही सगळे पहाटे चारला टक्क जागे असणार आणि संध्याकाळी सातला पेंगणार. पहिल्या दोन दिवसांत संध्याकाळचा कुठलाही बेत आखू नका, जेवणाच्या ताटावर मुलं झोपतात. उलट सकाळी दहाला दार उघडताना हजर राहणं तुम्हाला सोपं जाईल. मोफत असलं तरी वेळेचं बुकिंग आधी करून ठेवा, आणि पाठीवरची पिशवी लहान ठेवा, कारण दारात तपासणी असते आणि प्रवासाची बॅग आत नेऊ देत नाहीत. परतीच्या दिवशी हॉटेल सोडून सामानासकट म्युझियम गाठायचा विचार म्हणूनच डोक्यातून काढा.

आत गेल्यावर सगळी गर्दी डावीकडे वळते, इजिप्तची चित्रलिपी जिच्यामुळे उलगडली त्या रोझेटा शिळेकडे. तुम्ही लिफ्टने वर जा. ५६ क्रमांकाचं दालन मेसोपोटेमियाचं आहे. तिथे ऊर या शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांमधल्या वस्तू आहेत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. दागिन्यांमध्ये लाल अकीकाचे मणी बघा. त्यातले काही सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी घडवलेले, आपल्याकडून समुद्रमार्गे तिकडे गेलेले. सासूबाईंना तिथे दोन मिनिटं जास्त द्या, मण्याला भोक कसं पाडलं असेल हा प्रश्न त्याच विचारतील. शेजारीच शिंपले बसवलेला खेळाचा पट आहे. सोंगट्या, फासे, शर्यत, सारं आपल्या सारीपाटाच्या कुळातलं. याचे नियम इसवी सनापूर्वी १७७ च्या एका मातीच्या पाटीवरून इथल्याच अभ्यासकाने उलगडले. पटाची छापील नक्कल घरी काढून आणा, हॉटेलवर खेळता येईल.

तिथून घड्याळांच्या दालनांत, ३८ आणि ३९. हे माझं आवडतं ठिकाण, आणि पर्यटक इथे क्वचित थांबतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी बनवलेलं सोनेरी जहाज आहे. ते मेजवानीच्या टेबलावरून आपोआप चालायचं, संगीत वाजवायचं आणि शेवटी तोफ उडवायचं. आसपासची घड्याळं टिकटिकत असतात, तासाला आलात तर टोलेही ऐकू येतात. जवळच ६८ नंबरचं दालन पैशाचं आहे. नाणी, नोटा, क्रेडिट कार्डांपर्यंत. यजमानांना तिथे सोडा, तुम्ही बाकावर बसा.

मग ३३ नंबर, चीन आणि दक्षिण आशिया. चोळ काळातला नटराज आहे, श्रीलंकेची सोन्याचा मुलामा दिलेली तारा या बौद्ध देवीची मूर्ती आहे. तारा बघताना भोवती फिरा, मागची बाजूही तितकीच घडवलेली आहे. टोकाला अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट आहेत. हा स्तूप आंध्रातला, पण तो बहरला सातवाहनांच्या काळात, आणि सातवाहनांची राजधानी आपलं पैठण. नाशिकच्या माणसाने पांडवलेणी पाहिलेली असतात. तिथल्या लेखांमधली गौतमी बलश्री आणि तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच घराण्यातले. एवढा धागा हातात असला की पुढ्यातला दगड परका राहत नाही.

याच दालनात आपल्या लोकांचा संताप बाहेर येतो. "सगळं आमचंच चोरून आणलंय." मी त्यावर वाद घालत नाही, पाटीवरची शेवटची ओळ वाचायला सांगते. ब्रिटिश म्युझियमच्या बहुतेक वस्तूंच्या नोंदणी क्रमांकाचे पहिले चार आकडे म्हणजे ती वस्तू संग्रहात आली ते वर्ष. अमरावतीच्या शिल्पांवर १८८० दिसेल, कारण ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेलं लंडनमधलं इंडिया म्युझियम मोडलं आणि त्याचा संग्रह वाटला गेला, तो हाच काळ. व्हीअँडएमध्ये उलट, वर्ष शेवटी असतं. शाहजहानच्या पांढऱ्या जेडच्या प्याल्याचा क्रमांक १९६२ ने संपतो, म्हणजे तो त्या वर्षी घेतलेला. कुठली वस्तू लुटीतली, कुठली विकत घेतलेली, कुठली कोणा साहेबाच्या वारसाने दिलेली, हे वेगवेगळं असतं. रागवायचंच तर नेमक्या वस्तूवर रागवा. मुलांना ही आकड्यांची शोधाशोध फार आवडते, आणि त्यातून त्यांना इतिहासाचा जेवढा भाग कळतो तेवढा ऑडिओ गाइडमधून कळत नाही.

खाली येताना मधल्या काचेच्या छताच्या चौकात थांबा. मध्ये जी गोल इमारत आहे ते १८५७ मधलं वाचनालय. लंडनमध्ये शिकत असताना डॉ. आंबेडकर ज्या वाचनालयात दिवसचे दिवस बसत, ते हेच. ग्रंथसंग्रह १९९० च्या दशकाअखेरीस सेंट पँक्रसला हलवला. रोझेटा शिळा जाता जाता लोकांच्या खांद्यांवरून बघा, कारण घरी गेल्यावर सगळे तेच विचारणार. ममी सोडा. एक वाजायच्या आत बाहेर. युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, चालत वीसेक मिनिटं, सासूबाईंसाठी बस किंवा टॅक्सी.

सासूबाईंबद्दल इथेच सांगते. सगळ्या मोठ्या म्युझियममध्ये व्हीलचेअर मोफत मिळते. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी ती घ्यायला तयार नसतात. "मी काय आजारी आहे का?" मग तासाभराने बाकावर बसतात आणि "तुम्ही बघून या, मी इथेच आहे" म्हणतात. त्यांचं लंडन त्या बाकावर संपतं. चेअर आधीच ठरवून घ्या, त्यावर पिशव्या ठेवायला आहे असं सांगा. थोडं चालतील, थोडं बसतील. व्हीलचेअर नकोच असेल तर घडीचं हलकं स्टूल मिळतं का ते दारावर विचारा. आणि शहरात फिरताना ट्यूबपेक्षा, म्हणजे भुयारी रेल्वेपेक्षा, बस बरी. ट्यूबच्या अनेक स्टेशनांवर जिने आहेत, बसमध्ये पायरी नाही आणि वरच्या मजल्यावरून मुलीला शहर दिसतं.

गुरुवारचा बेत मी खास तुमच्यासाठी जुळवला आहे. सर जॉन सोन यांचं घर आणि बँक ऑफ इंग्लंडचं म्युझियम. दोन्ही तुमच्या यादीत नाहीत, दोन्ही मोफत आहेत. सोन यांचं घर सोमवार-मंगळवार बंद असतं, बँकेचं म्युझियम शनिवार-रविवार बंद. म्हणजे जोडीने बघायचे तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार एवढेच दिवस उरतात. आणि जोडीने का, तर बँक ऑफ इंग्लंडची जुनी इमारत याच सोननी बांधली, चाळीसहून जास्त वर्षं ते तिचे वास्तुरचनाकार होते. १८३३ मध्ये त्यांनी पार्लमेंटकडून कायदाच करवून घेतला: माझ्या मृत्यूनंतर हे घर आहे तसंच ठेवायचं. १८३७ मध्ये ते गेले आणि घर आजही तसंच आहे. भिंतीवर हाताएवढी जागा मोकळी नाही. तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची अलाबास्टरची शवपेटी. ब्रिटिश म्युझियमने किंमत परवडत नाही म्हणून नाकारली, यांनी १८२४ मध्ये २,००० पौंडांना घेतली आणि ती आल्याच्या आनंदात १८२५ मध्ये तीन रात्री दिव्यांच्या उजेडात पार्ट्या दिल्या. चित्रांच्या खोलीत भिंतीच बिजागऱ्यांवर आहेत, कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि मागून आणखी चित्रं निघतात. कर्मचाऱ्यांना विचारा, ते ठरावीक वेळी उघडून दाखवतात. अकरा वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगलं जादूचं घर मी सुचवू शकत नाही.

पुण्याचं केळकर म्युझियम पाहिलं असेल तर हा प्रकार लगेच समजेल. एका माणसाचं वेड, आणि त्या वेडाला लागलेलं घर. अशा जागा मला मोठ्या राष्ट्रीय म्युझियमपेक्षा नेहमी जास्त सांगतात, कारण तिथे प्रत्येक वस्तूमागे समितीचा ठराव नसून कुणाचा तरी मोह असतो. घर अरुंद आहे, जिने आहेत. सासूबाईंसाठी काय सोय होईल ते आधी ईमेल करून विचारून ठेवा, ते लोक मदत करतात. मोठी पिशवी चालत नाही.

तिथून होल्बर्न स्टेशन, सेंट्रल लाइनने तिसरं स्टेशन बँक. म्युझियममध्ये सोननी बांधलेल्या दालनाची हुबेहूब पुनर्रचना आहे, म्हणजे सकाळी घर पाहिलेला माणूस दुपारी ऑफिसात भेटतो. पण सगळे जातात ते सोन्यासाठी. काचेच्या पेटीला भोक आहे, त्यातून हात घालून सुमारे १३ किलोची खरी सोन्याची वीट उचलून बघायची. आयुष्यभर सोनेतारण कर्जाच्या फायली पाहिलेले बँकवाले या पेटीसमोर लहान मुलांसारखे रांगेत उभे राहतात, मी पाहिलं आहे.

शुक्रवारी दुपारपर्यंत मोकळे राहा. उद्यानात जा, खरेदी करा, झोपा. तीनच्या सुमारास साउथ केन्सिंग्टनला येऊन ती प्राण्यांची भिंत आणि फर्न डायनॉसोर, मग रस्ता ओलांडून व्हीअँडए. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं, शाळकरी मुलांची गर्दी पाचनंतर ओसरते, आणि तोवर तुमच्या अंगातली झोपही इथल्या वेळेवर आलेली असेल. एक सांभाळा: संध्याकाळी सगळी दालनं उघडी नसतात, म्हणून सासूबाईंसाठीची दालनं सहाच्या आत उरका.

त्यांच्यासाठी सगळ्यात आधी ४२ नंबर, इस्लामी कलेचं दालन. मध्ये जमिनीवर अर्दबिलचा गालिचा काचेत पसरलेला आहे, साडेदहा मीटर लांब, १५३९-४० मध्ये इराणात विणलेला. विणकराने तारीख गालिच्यातच विणली आहे. रंग उडू नयेत म्हणून दालनात अंधार ठेवतात आणि दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं दिवे लावतात. दिवे लागायच्या आधी पाच मिनिटं जागा धरा. आणि शिवणाच्या बाईंना ही गोष्ट सांगा: असे दोन गालिचे होते. एकोणिसाव्या शतकात एकाचे तुकडे कापून दुसऱ्याला ठिगळं लावली, तेव्हा हा अखंड झाला. कापलेला जोडीदार आज लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये आहे. जोड कुठे आहेत ते त्यांना दिसतील, तुम्हा-आम्हाला नाही. मध्ययुगीन दालनांत सायन कोप नावाचा चौदाव्या शतकातला धर्मगुरूंचा झगा आहे, इंग्लंडमधल्या भरतकामाचा सर्वोत्तम काळ म्हणतात तो हाच. त्यावर सोनेरी-रुपेरी तारा आणि रंगीत रेशमाचं भरतकाम आहे. टाके मोजू द्या त्यांना, घाई करू नका.

आता वाघनखं. प्रत्येक मराठी कुटुंब मला विचारतं, म्हणून स्पष्ट लिहिते. व्हीअँडएमधली वाघनखं तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली आहेत, जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात पहिल्यांदा मांडली गेली. ती बघायला लंडनला येऊ नका. ती एकोणिसाव्या शतकात साताऱ्यात कंपनीचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून म्युझियमला मिळाली. अफझलखानाच्या वधात वापरलेली ती हीच का, याची खात्री करता येत नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं.

टिपू सुलतानाचा लाकडी वाघ हे व्हीअँडएचं दुसरं आकर्षण. इंग्रज शिपायावर झेपावलेला, पोटात ऑर्गन असलेला, दांडा फिरवला की गुरगुरणारा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो उचलून आणला. रणजितसिंहांचं सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं सिंहासनही याच संग्रहात. पण दालनं दुरुस्तीला बंद होतात, वस्तू हलतात, उसन्या जातात. म्हणून निघण्यापूर्वी म्युझियमच्या वेबसाइटवर त्या वस्तूचं नाव घालून शोधा. प्रत्येक वस्तूच्या पानावर ती सध्या मांडलेली आहे की कोठारात, आणि मांडलेली असेल तर कुठल्या दालनात, हे लिहिलेलं असतं. हे पाच मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि मग दारावरच्या माणसाशी हुज्जत घालतात. ब्रिटिश म्युझियमचंही तसंच, त्या दिवशी कुठली दालनं बंद आहेत ते सकाळी बघून निघा.

थकलात की मधल्या अंगणात जा. उथळ पाण्याचं मोठं तळं आहे, मुलं त्यात पाय बुडवून नाचतात, कोणी ओरडत नाही. मुलीसाठी कोरडे मोजे ठेवा. आतला कॅफे जुन्या तीन खोल्यांमध्ये आहे, म्युझियममध्ये उपाहारगृह ही कल्पनाच जगात प्रथम इथे आली. पदार्थ महाग आहेत, एक चहा आणि एक स्कोन चौघांत घेऊन भिंतीवरच्या टाइल्स बघत बसा.

शनिवारी दोन पर्याय आहेत. माझं मत पहिल्याला. व्हीअँडएने ३१ मे २०२५ रोजी पूर्व लंडनमध्ये ईस्ट स्टोअरहाउस नावाचं आपलं कोठारच लोकांना उघडं केलं. अडीच लाखांवर वस्तू फळ्यांवर, खोक्यांत, जशा ठेवतात तशा. पाट्या जवळजवळ नाहीत. आग्र्याच्या किल्ल्यातला संगमरवरी खांबांचा एक पूर्ण भाग तिथे उभा आहे. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच: किमान दोन आठवडे आधी नोंदवलं तर संग्रहातल्या पाचपर्यंत वस्तू तुमच्यासाठी काढून ठेवतात, मोफत. अट अभ्यासक असण्याची नाही. सासूबाईंना विचारा, कुठलं भरतकाम जवळून बघायचं आहे, कच्छी, फुलकारी, चिकन? वेबसाइटवर शोधा, पाच निवडा, वेळ घ्या. काचेशिवाय, समोर टेबलावर. शाळेत पोरींना टाके शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला यासाठी लंडनला आणलं तरी चालेल. हे बुकिंग आजच करा, बाकी सगळं नंतर.

ते जमलं नाही तर डॉकलँड्सचं म्युझियम. १८०२ च्या साखरेच्या गोदामात आहे, मोफत आहे, आणि लंडन श्रीमंत कसं झालं, कोणाच्या गुलामीवर झालं, हे ते आडपडदा न ठेवता सांगतं. तिकडे जाणारी डीएलआर गाडी चालकाविना धावते. पुढच्या काचेजवळची जागा मुलीला मिळाली तर गाडी तीच चालवते. त्याच गाडीने पुढे ग्रिनिच. मेरीटाइम म्युझियम मुलगी ताजीतवानी असेल तरच, नाहीतर टेकडी आणि नदी पुरे.

नॅशनल गॅलरीला मी दिवस देत नाही. ट्राफल्गर चौकात तुम्ही एकदा तरी जाणारच, आणि बहुधा पाऊसही तेव्हाच येईल. आत जा, तीन चित्रं बघा. व्हॅन आइकचं १४३४ मधलं नवरा-बायकोचं चित्र, ज्यात मागच्या गोल आरशात आणखी दोन माणसं दिसतात. होल्बाइनचे दोन राजदूत, १५३३, ज्यांच्या पायाशी काहीतरी तिरकं पांढरट पसरलेलं आहे. मुलीला चित्राच्या उजव्या कडेला भिंतीजवळ उभं करा आणि तिथून बघायला सांगा, ते काय आहे ते मी इथे फोडत नाही. तिसरं व्हॅन गॉगची सूर्यफुलं, कारण शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं चित्र समोर बघण्याची मजा वेगळी. पाऊस थांबला की बाहेर.

रविवारी सकाळी डॉ. आंबेडकरांचं घर, १० किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये ते इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. साधं निवासी गल्लीतलं घर आहे, आजूबाजूला लोक राहतात, आवाज बेताचा ठेवा. कुठल्या दिवशी किती वाजता उघडं असतं ते निघण्यापूर्वी नक्की करून घ्या, रविवार जमत नसेल तर शुक्रवारची मोकळी सकाळ यासाठी वापरा. जवळच प्रिमरोझ हिलवरून सगळं शहर दिसतं. चढ सौम्य आहे, पण सासूबाईंना खालच्या बाकावर बसवलंत तरी चालेल, तिथे ऊन चांगलं असतं. सामान हॉटेलच्या सामानखोलीत ठेवून जा आणि विमान हीथ्रोहून असेल तर दुपारी दोनच्या पुढे रेंगाळू नका.